घाटावरचा माईक आणि सकाळचा आरजे

कंपनीच्या बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर अजून अंथरुणातच लोळत असाल, कानात इअरफोन आहेत ना? मग चला. आज जरा सकाळच्या बडबडीचा इतिहास बघू.

म्हणजे कुठली बडबड, ते आधी सांगतो. सकाळी रेडिओ लावला की दोघं जण एकमेकांची खेचत असतात. सुरुवात होते कालच्या मॅचवरून. मग गाडी हळूच वळते: सोसायटीत चपला दाराबाहेर काढायच्या की आत, लिफ्टमध्ये फोन स्पीकरवर टाकून बोलणाऱ्या काकांचं काय करायचं, लग्नाला बोलावलं पण "जेवून जा" कुणी म्हणालंच नाही तर रुसायचं की नाही. खेळ आणि रीतभात, दोन्हींवर हसणं, आणि मधे मधे गाणी. बऱ्याच जणांना वाटतं की हा सगळा प्रकार एफएमबरोबर आला, बाहेरून आला. मला काही तसं वाटत नाही. कारण मी तो पहिल्यांदा रेडिओवर ऐकलेलाच नाही. मी तो घाटात ऐकलाय.

मी कळंबचा. पुणे-नाशिक हायवेला मंचर सोडलं की नारायणगाव यायच्या आधी लागतं ते. तालुका आंबेगाव. धाराशिव जिल्ह्यातलं नाही, यवतमाळचं पण नाही. (हे मला मरेपर्यंत सांगत बसावं लागणार आहे, त्याचा किस्सा पुढे येतोय.) आमच्याकडं आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यात घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची धावपट्टी. चढावर जाणारी, मऊ माती टाकलेली, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. चार बैल जुंपलेला गाडा, पुढं घोडी. भिर्रर्र म्हटलं की सुटला. बारा-तेरा सेकंदात खेळ खलास.

आता गंमत बघा. गाडा पळतो बारा सेकंद. पुढची बारी जुंपायला जातात पाच मिनिटं, कधी दहा. बैल उधळले तर अजून जास्त. सकाळी आठ-नऊला सुरू झालेला घाट संध्याकाळपर्यंत चालतो. आता दिवसभराच्या हिशोबात शर्यत किती आणि बोलणं किती, गणित तुम्हीच करा. हा सगळा मधला वेळ भरायचं काम एका माणसाचं. हातात माईक, गळ्यात उपरणं, आवाज बसलेला. निवेदक.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आमचे एक मामा घाटाच्या अगदी कडेला, चैत्राच्या उन्हात, छत्री उघडून उभे. वरून कर्ण्यातून आवाज आला: "पांढरी टोपी, काळी छत्री! पाव्हणं, घाट बैलांचा हाय, तुमी कशापायी सावली धरली? मागच्याला बैल दिसंना, नुस्ती छत्रीच पळताना दिसतीय." पाच हजार माणूस हसलं. मला वाटलं मामा आता कुठंतरी तोंड लपवणार. मामांनी हात वर करून खच्चून ओरडून सांगितलं, "आहेरात आलीय! चार माणसांनी बघायला नको का?" निवेदकानं ते बरोब्बर पकडलं. "आहेराची हाय म्हंतेत. मग मान द्या तिला, पण मागं उभं ऱ्हाऊन द्या." मामा हसत हसत मागं सरकले. छत्री मिटली नाही ती नाहीच.

मला हा किस्सा आजपर्यंत पुरलाय. नियम काय होता? मागच्याला दिसेल असं उभं राहा. हाच नियम पोलिसानं शिट्टी मारून सांगितला असता तर मामा तासभर भांडले असते. आणि हे पण बघा की मामांना उत्तर द्यायला मिळालं. माईक एकाकडं असला तरी बोलणं दोघांचं झालं.

मग प्रश्न असा की या निवेदकाला हे शिकवलं कुणी?

आमच्या घरापासून नारायणगाव म्हणजे गाडीवर टांग टाकली की पोचलो, एवढंच अंतर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. यात्रांच्या हंगामाआधी तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, फड बघतात, सुपारी देतात. आमच्या भागात एकाच यात्रेत सकाळी बैलगाडा आणि रात्री तमाशा असायचा, आजही असतो. म्हणजे माणसं तीच, कानही तेच.

तमाशा बघितला नसेल तर थोडक्यात सांगतो. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. यातली बतावणी म्हणजे निव्वळ बोलणं. सोंगाड्या आणि त्याच्या समोरचा शहाणा माणूस. शहाणा काहीतरी रीतीचं बोलतो, सोंगाड्या त्याचा शब्दशः अर्थ घेतो आणि रीतीचीच फजिती होते. त्यात ज्या गावात खेळ लागलाय त्या गावचा पाटील येतो, सरपंच येतो, एसटी येते, काल हरलेला पैलवान पण येतो. कागदावर लिहिलेलं फार कमी, समोर कोण बसलंय ते बघून बोलायचं जास्त. आपल्याच जिल्ह्यातले, तळेगावजवळच्या इंदोरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न'मध्ये हेच करायचे आणि त्यासाठी लोक लांबून लांबून यायचे. सोंगाड्याला एक गोष्ट पक्की माहीत असते: थट्टा ज्याची करायची तो समोर बसलाय, आणि उद्या सकाळी आपल्याला याच गावातून बिदागी घेऊन निघायचंय. त्यामुळे किती ताणायचं हे त्याला कळतं.

आता रेडिओकडं येऊ.

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. पुण्याचं आकाशवाणी केंद्र त्यानंतर बऱ्याच उशिरा, २ ऑक्टोबर १९५३ ला. आमच्या आजोबांचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, वर आजीनं विणलेला रुमाल. त्या काळी रेडिओ घरात ठेवायला लायसन लागायचं आणि ते पोस्टातून काढावं लागायचं, हे मला कितीतरी वर्षं आजोबांची थाप वाटायची. खरं होतं ते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, त्यात सुधा नरवणे यांचा आवाज. तो आवाज आला की घरातले सगळे गप्प. आमच्या घरात त्या बातम्यांवर घड्याळ लावायचे.

बातम्या ऐकताना आजोबा टोपी नीट करायचे. मी एकदा विचारलं, "त्यांना काय दिसतंय का?" म्हणाले, "आपल्याला ऐकू येतंय ना?" रेडिओचा दरारा हा असा होता. भाषा पण तशीच, इस्त्री केलेली. आमच्यासारखं बोलणारं त्या पेटीत कुणी नव्हतं. शेतीच्या कार्यक्रमात असायचं थोडंफार, पण तिथं थट्टा कुठली? तिथं करपा आणि मावा.

थट्टा आली ती मुंबई केंद्रावरून, आणि ती घरगुती वेषात आली. 'पुन्हा प्रपंच' हे नाव घरी विचारून बघा, साठीच्या पुढचं कुणी असेल तर चेहरा खुलतो की नाही ते सांगा. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. आवाज बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे. तीन माणसं, एक घर आणि रोजच्या जगण्यातली एखादी कटकट. पाहुणे, पाणी, महागाई, शेजारी. कुणीतरी भलताच आग्रह धरतो, कुणीतरी त्याची टर उडवतो, आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की आपण पण घरी हेच करतो. आज तुम्ही दोन आरजेंची जी जुगलबंदी ऐकता ना, तिचा मराठी सांगाडा मला तरी इथंच दिसतो. फरक एवढाच की तिथं संहिता असायची, तालीम असायची, आणि तोंडातून निसटलेला शब्द हवेत जाणार नाही याची सोय असायची.

मला यात आवडते ती मीनावहिनी. घाटात बाई नव्हती. तमाशात बाई होती, पण टाळ्या आणि टोमणे दोन्ही तिच्यावरच पडायचे. रेडिओवरच्या या घरात बाईला समोरच्याला गप्प करता यायचं, आणि ते लाखो घरांत ऐकू जायचं. आमची आजी बाकी रेडिओकडं फार लक्ष द्यायची नाही, पण हे लागलं की हातातलं काम तसंच ठेवून उंबऱ्यावर यायची. का यायची ते आता कळतंय.

खेळाचं मात्र वेगळं. खेळाला आकाशवाणीनं थट्टेपासून चार हात लांब ठेवलं. मराठीतून क्रिकेटचं धावतं समालोचन म्हटलं की पहिलं नाव बाळ ज. पंडित. पुण्याचे, स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले. षटक, यष्टी, धावबाद असे शब्द वहीत लिहिलेले निर्जीव वाटतात, पण समालोचनात ते पळायला लागले आणि गल्लीतली पोरं ते ओरडायला लागली. तिकडं छापील बाजूला वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये मराठी वाचकाला खेळाचं अख्खं पान वाचायची सवय लावली. हे सगळं मोठं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण समालोचनात पंचांच्या चुकीवर टोमणा नाही, प्रेक्षकांतल्या छत्रीवाल्याला चिमटा नाही. सभ्य माणसांनी सभ्य खेळाचं केलेलं सभ्य वर्णन.

आणि खरं सांगू का, क्रिकेटमधल्या सभ्यतेवर सकाळभर हसता येईल असा किस्सा आपल्या पुण्यातच घडलाय. डिसेंबर १९४८. पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले ते बाद व्हायचं नावच घेईनात. ४४३ नाबाद! महाराष्ट्र ४ बाद ८२६. तेव्हा प्रथम श्रेणीतला जगातला सगळ्यात मोठा वैयक्तिक स्कोअर होता डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. म्हणजे अजून दहा रन. दोन-तीन ओव्हरचं काम. तेवढ्यात मधली सुट्टी झाली. काठियावाडचा कॅप्टन म्हणजे राजकोटचे ठाकोरसाहेब, प्रत्यक्ष संस्थानिक. ते म्हणाले डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो घरी. महाराष्ट्रानं विनवलं की दोन ओव्हर द्या, विक्रम होऊ द्या, मग घोषित करतो. नाही म्हणजे नाही. सामान बांधलं आणि गेले! सामना सोडून दिला. निंबाळकर ४४३ वर उभे ते कायमचे उभे.

आता यात शिष्टाचार कुणाचा चुकला? राजेसाहेब म्हणत असतील की इतका मार खाऊन पुस्तकात नाव छापून घ्यायचं, हा आमचा अपमान. पुणेकर म्हणत असतील की पाहुण्याच्या घरी जेवून ताट लाथाडणं हा कुठला मान? हा किस्सा आजोबांनी मला दहा वेळा तरी सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी ठाकोरसाहेबांच्या तोंडी नवीन वाक्य घातलं. म्हणजे बतावणीच की! पण तेव्हा पुण्यात रेडिओ केंद्रच नव्हतं. आणि असतं तरी संस्थानिकाची खिल्ली उडवायला माईक कुणी दिला असता, सांगा बरं.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथून तिच्यावर जाहिराती. जाहिरात आली म्हणजे ऐकणाऱ्याला हसवून धरून ठेवायचं कारण आलं. एवढं लक्षात ठेवा आणि थेट १९९५ ला या.

कारण इथं खेळानंच रेडिओचं कुलूप उघडलं. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि सरकार कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. भांडण क्रिकेटचं, पण त्याच्या पोटातून पुढं खासगी एफएमचा रस्ता निघाला. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खासगी स्टेशन सुरू झालं, मग मुंबई, पुणे.

पण एक अट होती, आणि आपल्या आजच्या विषयाची किल्ली मला वाटतं त्या अटीत आहे. खासगी एफएमला बातम्या द्यायला बंदी! राजकारण बंद, चालू घडामोडी बंद. २०११ च्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा वाजवायची मुभा मिळाली. शिवाय कशाकशाला 'बातमी' म्हणायचं नाही याची एक यादी आली: खेळांची माहिती, ट्रॅफिक, हवामान, सण आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा-ॲडमिशन, पाणी-वीज कधी जाणार. आणि त्यात एक गोड ओळ होती की स्थानिक खेळांचं थेट समालोचनसुद्धा चालेल.

ही यादी परत वाचा, म्हणजे ऐका. पुण्यातल्या सकाळच्या कुठल्याही कार्यक्रमाची रूपरेषा झाली की नाही? मॅच, चांदणी चौकातला जॅम, गणपती, दहावीचे निकाल, उद्या पाणी नाही. सिस्टिमला जेवढी परमिशन दिली तेवढंच ती करणार, आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. मग चार तास भरायचे कशानं? नगरसेवकाबद्दल बोलता येत नाही. पण सिग्नल तोडणाऱ्या काकूंबद्दल बोलता येतं. थुंकणाऱ्याबद्दल येतं. शेजाऱ्याबद्दल तर काय, कधीही. माझा तर्क असा आहे की आपला सकाळचा रेडिओ इतका शिष्टाचारावर बोलतो याचं एक कारण म्हणजे ही बंद केलेली खिडकी. पुण्यात तर माल तयारच होता. पुणेरी पाटी म्हणजे काय? कुणीतरी भिंतीवर लिहून ठेवलेला आरजेचा लिंकच तो.

पण रस्त्यावरच्या माणसाच्या वागण्यावर बोलता बोलता रस्त्यावर बोललात की मग काय होतं, ते जुलै २०१७ मध्ये मुंबईत दिसलं. रेड एफएमच्या आरजे मलिष्कानं त्या वेळी गाजत असलेल्या 'सोनू' गाण्याचं खड्ड्यांवर विडंबन केलं. थोड्याच दिवसांत महापालिकेची माणसं तिच्या घरी तपासणीला गेली, डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटीस निघाली, आणि पाचशे कोटींचा दावा लावा अशी मागणी पण झाली. काकूंवर विनोद केला तर काकू फार तर चॅनेल बदलतात. वरच्यावर केला की तो घरी येतो. सोंगाड्याला हे शंभर वर्षांपासून माहीत होतं.

आता माझा कळंबचा किस्सा.

कळंब पुण्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींवर. त्या जमिनीला धरून पसरतात, त्यामुळे आजोबांच्या पेटीत खणखणीत. एफएमचं तसं नाही. त्याला समोरासमोर लागतं, मधे डोंगर नको. शाळेत असताना मी फोनला इअरफोनची वायर लावून (तीच अँटेना असते) गच्चीच्या एका ठराविक कोपऱ्यात उभा राहायचो. तिथं पुण्याचं स्टेशन यायचं, अर्धं आवाज अर्धी खरखर. योगायोग असा की शेजारच्या खोडदला जी जीएमआरटी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, ती इथं यायचं एक कारणच हे होतं की आमच्या भागात रेडिओचा गोंगाट कमी! म्हणजे आकाशगंगा स्पष्ट ऐकू येते, पुणे येत नाही.

पुढं इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. हॉस्टेलवर सगळे सकाळी एफएम लावून दात घासायचे. एकदा क्रिकेटवरच्या प्रश्नाला फोन लावला आणि लागला की हो! प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पण आधी विचारलं, "कुठून बोलतोस?" मी म्हटलं कळंब. "उस्मानाबादचं?" नाही. "यवतमाळचं?" नाही. मंचरजवळचं. मग तिकडून एकदम आवाज बदलला: "म्हंजी गावाकडचा गडी हायस व्हय रं? बैलगाडीनं आलास का फोन कराया?" मागं हसण्याचं रेकॉर्डिंग. मी पण हसलो, रेडिओवर दुसरं काय करणार? उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर गाणं सुरू झालेलं. मित्रांनी वर्षभर 'बैलगाडी' म्हणून हाक मारली.

राग बैलगाडीचा नव्हता. ती बोली आमची नव्हती, हे मला जास्त लागलं. थोडं कोल्हापूर, थोडं सातारा, थोडा सिनेमा, असं ढवळून केलेलं 'गावरान'. आणि दुसरं म्हणजे फेडर त्यांच्या हातात होता. मामांनी छत्रीवरून उत्तर दिलं होतं, मला ते देताच आलं नाही. त्यानंतर मी कामावर सुद्धा बरीच वर्षं 'व्हय' च्या जागी 'हो' म्हणत राहिलो, लक्षात ठेवून ठेवून. घरी फोन आला की उठून बाहेर जायचो.

त्याच सुमाराला इकडं घाटातला माईक पण बंद झाला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. कारण होतं बैलांचा छळ. आता मी घाटाचा माणूस आहे, तरी सांगतो, छळ खोटा नव्हता. चाबूक, टोचणी, शेपटी पिरगळणं, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय आणि तेव्हा त्यावर पण लोक हसलेलेच बघितलेत. निवेदक छत्रीवाल्याला टोचायचा, चाबूकवाल्याला नाही. हसवणाऱ्याचं लक्ष कुणावर जातं आणि कुणावर जात नाही, हा पण इतिहासच आहे.

सात वर्षं घाट ओस. अधूनमधून कुठंतरी चोरून पहाटे गाडे पळायचे असं कानावर यायचं, पण तिथं कर्णा लावणार कोण? बिनमाईकचा घाट म्हणजे नुसती पळापळ. आमच्याकडचा एक निवेदक त्या काळात टेनिस बॉलच्या स्पर्धांवर बोलायला लागला. त्याला 'कव्हर ड्राइव्ह' म्हणता यायचं नाही. तो म्हणायचा, "बॉल गेला बांधाच्या अंगानं, टोमॅटोच्या सरीत." आणि फील्डरला: "जरा बघून पाय टाक, बाजारभाव चाललाय!" पोरं रन काढायची सोडून हसायची. २०११ च्या त्या यादीतली 'स्थानिक खेळांचं समालोचन' ही ओळ ज्यानं लिहिली त्याच्या डोक्यात काय होतं माहीत नाही, पण खरा माणूस हा होता, आणि त्याच्याकडं स्टेशन नव्हतं.

१६ डिसेंबर २०२१ ला कोर्टानं महाराष्ट्रात अटींसह परवानगी दिली. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही, अंतर हजार मीटरच्या आत. हे नियम कागदावर आहेत. ते घाटात उतरवायचे कुणी? परत तोच बसलेला आवाज. मागच्या हंगामात ऐकलं: "ओ नाना, बैलाची शेपटी सोडा. ती तुमच्या मोबाईलची चार्जर न्हाय." नानांनी सोडली. दर वेळी सोडतात असं नाही हं, खोटं कशाला बोलू. पण तीस वर्षांपूर्वी हे वाक्य माईकवर ऐकू आलं नसतं.

निवेदकाचं अजून एक काम असतं ज्याच्यापुढं आमचं ऑन-कॉल काहीच नाही: नावं घेणं. बक्षीस देणारे, गाडा मालक, आजी-माजी सरपंच, पंच, पाहुणे. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाच्या मागं 'शेठ', कुणाच्या मागं 'आण्णा', कुणाला नुसतं नाव चालतं. एक नाव राहिलं की पुढच्या वर्षीची वर्गणी गेली. दोन बाऱ्यांच्या मधे चाळीस नावं, मधे तीन विनोद, आणि सेकंद सांगायचे ते वेगळेच. एकदा एक नाव दोनदा घेतलं गेलं तेव्हा लगेच: "दोनदा घेतलं, कारण त्यांनी बक्षीस पण दोनदा जाहीर केलंय. दिलं एकदाच." ते गृहस्थ हसत हसत पाकीट काढत पुढं आले.

आता घाट यूट्यूबवर लाइव्ह असतो. मी हिंजवडीत एका स्क्रीनवर कोड आणि दुसऱ्यावर घाट लावून बसतो (टीम लीड हा भाग ऐकत नसतील अशी आशा). चैत्रातली गोष्ट. एका बारीनंतर निवेदक रंगात आला: "गाडा मालक इथं फेटा बांधून, आन् वहिनी घरी भाकरी थापत. वहिनींना इचारा, गाडा किती सेकंदात आला? त्या म्हंतील, तवा तापायला लागला तेवढ्यात!" नेहमीसारखं हसणं. माझी बहीण शेजारच्या गावात दिलेली, ती पण लाइव्ह बघत होती. तिनं चॅटमध्ये टाकलं: "भाकरी झाली. बारा सेकंद आठ पॉइंट. तुम्ही मघाशी चुकून अकरा सांगितले."

घाटात कुणीतरी मोबाईल नेऊन निवेदकाच्या हातात दिला. दोन-तीन सेकंद माईक गप्प. घाटात तेवढं म्हणजे लई झालं. मग त्यानं ते अख्खं वाचून दाखवलं, घड्याळवाल्यांकडं वळून विचारलं, आणि म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर हाय. बारा पॉइंट आठ. लिहून घ्या रं. आन् ताई, पुढची बारी सुटतीय, लक्ष ठेवा."